'तसं बघायला गेलं तर'

काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जण मिळून लिहिण्याचा एक छोटा ग्रुप चालवायचो. दर महिन्याला प्रत्येकानं पानभर काहीतरी लिहायचं, नाव घालायचं नाही, सगळी पानं एका फाइलमध्ये एकत्र करायची आणि सगळ्यांनी वाचून मत द्यायचं. नाव नसलं की मत मोकळेपणानं देता येतं, एवढाच हेतू. एका महिन्यात मी ठरवलं की या वेळी आपण ओळखू यायचंच नाही. उपमा सगळ्या काढून टाकल्या, आवडते विषय टाळले, मी नेहमी एखाद्या बाईच्या तोंडून लिहिते ते सोडून एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून लिहिलं, वाक्यं मुद्दाम तोकडी केली. फाइल आली आणि दहा मिनिटांत एका मैत्रिणीचा मेसेज, "चौथं पान तुझं ना?"

कशावरून म्हणतेस, विचारलं. तर म्हणाली, "'तसं बघायला गेलं तर' दोनदा आलंय. आणि क्रियापद झालं तरी तू वाक्य संपवत नाहीस, त्याच्या मागे काहीतरी ठेवतेस. 'निघून गेला तो, न सांगता.' असं."

मी जुनी पानं उघडून बघितली. खरंच होतं. प्रत्येक पानावर एकदा तरी 'तसं बघायला गेलं तर', आणि जिथे जिथे मन हललंय तिथे तिथे क्रियापदाच्या मागे रेंगाळलेले एक-दोन शब्द. इतकी वर्षं मी समजत होते की माझी शैली म्हणजे मी शोधून आणलेल्या प्रतिमा, माझी शब्दसंपत्ती वगैरे. ते सगळं काढलं तरी मी उरलेच होते, आणि कशात, तर ज्यांच्याकडे मी कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं अशा चार फुटकळ शब्दांत.

त्या दिवसापासून शैली या गोष्टीनं मला जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. शैलीविज्ञान असा एक अख्खा अभ्यासविषय आहे हे तोवर ऐकून माहीत होतं फक्त, मग जमेल तसं वाचायला लागले.

आपल्यापैकी बहुतेकांची शैलीशी पहिली भेट शाळेत होते आणि ती होते अलंकारांच्या रूपात. 'सम, समान, सारखा, परी, प्रमाणे' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, दोन्ही एकच म्हटलं की रूपक, 'हे नाही, ते आहे' म्हटलं की अपन्हुती. ओळ दिली की अलंकार ओळखायचा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. अलंकार ओळखल्यावर पुढे काय, म्हणजे इथे उपमाच का, रूपक का नाही, 'जणू' म्हणून थोडं अंतर का ठेवलं, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो हे फार उशिरा कळलं. 'ती वाघीण आहे' म्हणणारा माणूस आणि 'ती वाघिणीसारखी आहे' म्हणणारा माणूस यांच्यात एक फरक आहे, दुसऱ्यानं स्वतःसाठी मागे सरकायला जागा ठेवलीय.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत, उपमा, रूपक, दीपक आणि यमक. मग शतकानुशतकं ही संख्या वाढत गेली आणि सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांपर्यंत येता येता शंभराच्या वर गेली. मला आधी वाटायचं की आपली सगळी जुनी परंपरा म्हणजे ही वाढत जाणारी लिस्टच. आणि इथेच मी साफ चुकले होते, कारण त्याच परंपरेत अशी माणसं होती ज्यांनी माझ्या मैत्रिणीनं पकडलं नेमकं तेच हजारभर वर्षांपूर्वी पकडलं होतं.

आनंदवर्धन, नवव्या शतकातला, काश्मीरचा. काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे न बोलता सुचवलेला अर्थ, असं म्हणणारा. तो सांगतो की हा ध्वनी मोठ्या मोठ्या कल्पनांतूनच येतो असं नाही, तो विभक्तीच्या प्रत्ययातून येऊ शकतो, क्रियापदाच्या शेवटातून येऊ शकतो, एकवचन-अनेकवचनातून येऊ शकतो, अगदी अव्ययातूनसुद्धा येऊ शकतो. आणि अव्ययाचं उदाहरण म्हणून तो शाकुंतलातली ओळ देतो. दुष्यंत आठवण काढतोय, शकुंतलेनं ओठ बोटांनी झाकले होते, मान खांद्याकडे वळवली होती, मी तिचा चेहरा कसाबसा वर केला, 'न चुम्बितं तु'. पण चुंबन मात्र घेतलं नाही. त्या ओळीतला सगळा पश्चात्ताप त्या शेवटच्या 'तु' मध्ये आहे. तो काढून बघा, 'चेहरा वर केला, चुंबन घेतलं नाही', ही नुसती माहिती झाली. 'तु' आला आणि हळहळ आली. मराठीत तेच काम 'मात्र' करतो, आणि मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून खोलीत फेऱ्या मारल्या होत्या हे चांगलं आठवतंय.

त्याच्यानंतर कुंतक. त्याचा ग्रंथ वक्रोक्तिजीवित. बराच काळ विस्मरणात गेलेला हा ग्रंथ सुशीलकुमार डे यांनी १९२३ मध्ये संपादित करून छापला. कुंतक म्हणतो काव्याचा प्राण वक्रोक्ती, म्हणजे सरळ चालीपेक्षा वेगळ्या वळणानं बोलणं. हे वळण कुठे कुठे असू शकतं याच्या तो सहा पायऱ्या सांगतो, वर्णांची मांडणी, शब्दाचा मूळ भाग, त्याचा प्रत्यय, आख्खं वाक्य, मग प्रकरण आणि शेवटी संपूर्ण रचना. आजचं शैलीविज्ञानाचं कुठलंही प्राथमिक पुस्तक उघडलं तर उच्चारातले ध्वनी, शब्द, रूप, वाक्य आणि संहिता म्हणजे अख्खा मजकूर असेच स्तर दिसतात. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही. भाषेकडे बारकाईनं बघत राहिलं की पायऱ्या आपोआप याच दिसतात, असं मला वाटतं.

कुंतकाचं एक उदाहरण तर मी कितीजणांना सांगितलं असेल. कुमारसंभवात पार्वती तप करतेय, शंकर ब्रह्मचाऱ्याच्या वेशात येऊन तिला परावृत्त करू बघतो आणि म्हणतो की त्या कपालीच्या भेटीची इच्छा धरल्यामुळे आता दोन गोष्टी कीव करण्यासारख्या झाल्या, एक चंद्रकला आणि दुसरी तू. कुंतक विचारतो, शंकराला शेकडो नावं असताना 'कपाली'च का? कारण हातात कवटी घेऊन फिरणारा म्हटलं की किळस येते, आणि बोलणाऱ्याला नेमकी तीच आणायची आहे. एवढ्यावर तो थांबत नाही, 'सम्प्रति' म्हणजे 'आता' या साध्या शब्दापाशीही तो थांबतो. आधी एकच होती कीव करण्यासारखी, आता दोन झाल्या. 'आता' सारखा शब्द, जो आपण दिवसातून दोनशे वेळा वापरतो!

आधुनिक शैलीविज्ञानाची सुरुवात सांगताना नाव घेतलं जातं शार्ल बायीचं. स्वित्झर्लंडचा भाषाशास्त्रज्ञ, आधुनिक भाषाशास्त्राचा पाया घालणाऱ्या सोस्यूरचा विद्यार्थी, ज्यानं सेशेए या सहकाऱ्याबरोबर गुरूच्या व्याख्यानांचं ते प्रसिद्ध पुस्तक १९१६ मध्ये संपादित करून बाहेर काढलं तोच. फ्रेंच शैलीविज्ञानावरचा त्याचा स्वतःचा मोठा ग्रंथ १९०९ चा. आणि गंमत म्हणजे त्याला कवी-लेखकांच्या शैलीत रस नव्हता, त्याला रस होता रोजच्या बोलण्यात भावना कुठे लपते यात. एकच मजकूर दोन तऱ्हांनी सांगता येतो, मग त्या दोन तऱ्हांतून वजाबाकी केल्यावर जे उरतं ते काय, हा त्याचा प्रश्न.

हा प्रश्न मराठीला विचारला की काय सापडतं बघा. 'पत्र लिहिलं.' 'पत्र लिहून टाकलं.' 'पत्र लिहून ठेवलं.' 'पत्र लिहून बसलो.' पत्र चारही ठिकाणी लिहिलं गेलंय, माहिती म्हणून काही फरक नाही. पण 'टाकलं' मध्ये सुटका आहे, 'ठेवलं' मध्ये पुढची तयारी आहे आणि 'बसलो' मध्ये आता काय करू ही धास्ती आहे. याला अलंकारांच्या लिस्टमध्ये जागा नाही, मार्क नाहीत, आणि तरी कुठल्याही उपमेपेक्षा जास्त काम हे छोटं क्रियापद करून जातं. किंवा 'पुस्तकं' आणि 'पुस्तकंबिस्तकं'. किंवा 'तो येणार आहे' आणि 'तो येणार आहे म्हणे', जिथे एका 'म्हणे'नं बोलणाऱ्यानं सगळी जबाबदारी अंगावेगळी केली. किंवा तो 'च', एक अक्षर, जो जागा बदलला की वाक्याचा जीव बदलतो, 'मीच गेले' मध्ये दुसरं कुणी गेलं नाही आणि 'मी गेलेच' मध्ये कुणी अडवलं तरी ऐकलं नाही. आपण हे सगळं विचार न करता अचूक वापरतो, याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं.

मग बाकीच्या शाखा. त्या आता इतक्या झाल्यात की नुसती नावं घेतली तरी दम लागेल, आणि मला त्या सगळ्यांत सारखा रस आहे असंही नाही. ध्वनींची शैली बघणारी एक आहे, दोन भाषांची तुलना करणारी एक आहे जी अनुवादकांच्या फार उपयोगाची, कार्यालय, विज्ञान, बातमी आणि साहित्य अशा वेगवेगळ्या कामांसाठी भाषा कसे वेगवेगळे कपडे घालते हे बघणारी कार्यात्मक शाखा आहे ('कळविण्यात येत आहे की' हे वाक्य प्रेमपत्रात टाकून बघा म्हणजे ती शाखा लगेच समजेल), स्त्रीवादी आहे, कॉम्प्युटरवर लाखो शब्द एकदम तपासणारी आहे. भाषा आणि विचार यांचं नातं बघणारी बोधात्मक शाखा मला आवडते, कारण जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये मांडलं की रूपक ही कवितेची मक्तेदारी नाही, आपण विचारच रूपकांतून करतो. आपण वेळ 'काढतो', 'घालवतो', 'वाचवतो', कधी कधी 'मारून नेतो', वेळेला हात लावता येत नाही तरी. आपल्याला विचार 'सुचतो', तो आपण 'मांडतो', दुसरा तो 'खोडून' काढतो.

पण माझं मन रमतं ते प्राग आणि रशियाकडच्या लोकांत. रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की १९१७ मध्ये म्हणाला की सवयीनं आपल्याला गोष्टी दिसेनाशा होतात आणि कलेचं काम आहे त्या पुन्हा अनोळखी करून दाखवणं. पुढे प्रागमध्ये मुकारोव्हस्कीनं १९३२ च्या निबंधात हेच भाषेबद्दल मांडलं, प्रमाण भाषा ही पार्श्वभूमी, आणि तिच्यावर एखादी गोष्ट वेगळी होऊन पुढे येते, अग्रभागी येते. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पार्श्वभूमी नसेल तर काहीच पुढे येऊ शकत नाही. सगळाच मजकूर अलंकारांनी भरलेला असला की एकही अलंकार दिसत नाही. मी तरुणपणी लिहिलेलं वाचताना हे मला फार जाणवतं, पानभर प्रतिमा आणि एकही लक्षात राहत नाही.

याच मंडळींतला भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोबसन १९५८ मध्ये शैलीवरच्या एका परिषदेत बोलला, ते भाषण १९६० मध्ये छापून आलं. भाषेची सहा कार्यं त्यानं मांडली, त्यातलं एक काव्यात्म कार्य, जिथे संदेश स्वतःच्याच घडणीकडे लक्ष वेधतो. आणि त्यानं उदाहरण दिलं ते कवितेतलं नाही, अमेरिकेत आयसेनहॉवरच्या निवडणूक प्रचारातली 'आय लाइक आइक' ही घोषणा ('आइक' हे त्याचं टोपणनाव). तीन शब्द, तिन्हीत तोच 'आय' स्वर. मी हे वाचलं आणि म्हणींकडे वळले. 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे.' मोजून बघा, तीन अक्षरं आणि तीन अक्षरं, परत तीन आणि तीन. ऐकावे-करावे एकाच साच्यातले. आणि जनाचे-मनाचे यांत फरक किती, तर एका व्यंजनाचा, ज आणि म. बाहेरचं जग आणि आतला माणूस यांच्यातला सगळा विरोध त्या एका व्यंजनावर पेललाय. ही म्हण कुणी केली कुणालाच ठाऊक नाही, पण जिनं किंवा ज्यानं केली त्याचा कान काय असेल.

हॅलिडेबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. मायकेल हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये विल्यम गोल्डिंगच्या एका कादंबरीची भाषा तपासली. त्या कादंबरीत आदिम निअँडरथल माणसं आहेत, त्यांना धनुष्यबाण म्हणजे काय हे माहीत नाही, त्यामुळे समोरचा माणूस धनुष्य ताणतो तेव्हा त्यातल्या एकाला दिसतं ते असं की काठी दोन्ही टोकांनी आखूड होतेय. कुणी काही 'करतंय' असं त्याच्या वाक्यांत फारसं नसतंच, गोष्टी आपल्या आपण 'होतात'. हॅलिडेनं दाखवलं की कार्यकारणभाव न कळणारं मन लेखकानं वर्णनातून नाही, तर क्रियापदांच्या निवडीतून उभं केलंय. कर्ता कोण आणि क्रिया कुणावर, या व्याकरणाच्या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नातून एक अख्खी जगाकडे बघण्याची दृष्टी.

मराठीत हे किती खोल जाऊ शकतं! 'मी कप फोडला.' 'माझ्याकडून कप फुटला.' 'कप फुटला.' लहान मूल तिसऱ्या वाक्यावर फार लवकर पोचतं, शिकवावं लागत नाही. आणि दुःखाचं बघा. 'ती रडली' मध्ये ती कर्ती आहे, रडणं तिनं केलं. 'तिला रडू आलं' मध्ये रडू कुठून तरी आलं, ती फक्त ते जिथे आलं ती जागा आहे. 'तिला रडू कोसळलं' मध्ये तर तिच्या हातात काहीच राहिलं नाही. आणि 'तिला रडवेना'. हे रूप मला मराठीची श्रीमंती वाटते, 'बोलवेना', 'बघवेना', 'चालवेना', इच्छा नाही असं नाही, पण जमत नाही, आतून काहीतरी अडतंय एवढंच. ते एका शब्दात, क्रियापदाच्या पोटात घालून. लिहिताना मी आता पात्राच्या दुःखाचं वर्णन करायच्या आधी हे ठरवते की ती रडली, की तिला रडू आलं, की रडवेना. बऱ्याचदा मग वर्णनाची गरजच उरत नाही.

आणि या छोट्या शब्दांवर कधी कधी माणसाचं बरंच काही अवलंबून असतं. अमेरिकेच्या संविधानाच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये 'पब्लिअस' या टोपणनावानं ८५ लेख छापून आले होते, हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे अशा तिघांचे. त्यातल्या बारा लेखांवर हॅमिल्टनचे की मॅडिसनचे असा वाद दीडशे वर्षांहून जास्त चालला. दोघांचे विचार सारखे, दोघांची वाक्यंही लांब. मोस्टेलर आणि वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये उत्तर दिलं ते मोठ्या शब्दांवरून नाही, 'अपॉन' सारख्या किरकोळ शब्दांवरून. हॅमिल्टन हा शब्द हजार शब्दांत साधारण तीनदा वापरायचा, मॅडिसन अगदी क्वचित. वादातले लेख मॅडिसनकडे गेले. किरकोळ शब्दच का, याचं कारण माझ्या त्या पानासारखंच आहे, विषय बदलला की मोठे शब्द बदलतात, सोंग घेतलं की उपमा बदलतात, पण मधल्या जोडणाऱ्या किरकोळ शब्दांवर आपलं लक्षच नसतं, म्हणून ते लपवताही येत नाहीत.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली आणि ती सांगताना मला नेहमी जड होतं. डेरेक बेंटली, एकोणीस वर्षांचा, बुद्धीनं कमी असलेला मुलगा, १९५३ च्या जानेवारीत फाशी गेला. पोलिसावर गोळी त्याच्या सोबत्यानं झाडली होती, तो सोळा वर्षांचा म्हणून त्याला फाशी झाली नाही. बेंटलीचा जबाब त्यानं स्वतः सांगितला तसा उतरवून घेतला, मध्ये प्रश्न विचारले नाहीत, असं पोलिसांनी शपथेवर सांगितलं होतं. बऱ्याच वर्षांनी माल्कम कुल्थार्ड या भाषाशास्त्रज्ञानं तो जबाब तपासला आणि त्याचं लक्ष गेलं 'देन' या शब्दाच्या जागेवर. साधी माणसं बोलताना 'देन आय' म्हणतात, मग मी. या जबाबात पुन्हा पुन्हा 'आय देन' येत होतं, आणि ती सवय पोलिसांच्या लेखी जबाबांची. म्हणजे मुलाच्या शब्दांच्या आत दुसऱ्याच कुणाचं तरी व्याकरण होतं. १९९८ मध्ये अपील कोर्टानं त्याची दोषसिद्धी रद्द केली, निकालातलं मुख्य कारण मूळ खटल्यातल्या न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातला दोष हे होतं, भाषेचा पुरावा नव्हे. पण 'मग' कर्त्याच्या आधी की नंतर, यात एवढं काही दडलेलं असू शकतं हे कळल्यावर मी कुठलाही शब्द क्षुल्लक म्हणायचं सोडून दिलं.

लिओ स्पिट्झर नावाचा एक अभ्यासक होता, तो म्हणायचा की वाचत राहा, पुन्हा वाचा, पुन्हा वाचा, एका क्षणी एखादा बारीक तपशील टोचतो, तिथून लेखकाच्या मनाच्या मध्यापर्यंत जायचं आणि परत येऊन बाकीचा मजकूर त्या उजेडात तपासायचा. काही जणांना ही पद्धत फार अंदाजाची वाटते, त्यांना आकडे हवे असतात. मला दोन्ही हवं वाटतं. टोचल्याशिवाय काय मोजायचं हेच कळत नाही, आणि मोजल्याशिवाय टोचलेलं खरं की भास हे कळत नाही. माझ्या मैत्रिणीला टोचलं होतं, मी मोजून बघितलं तेव्हा खात्री झाली.

तिच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. हे वाचन सुरू झाल्यावर मी साहजिकच तिचेही मेसेज वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. ती 'नाही' असं कधी म्हणत नाही. जमणार नसेल तर 'बघू ना' म्हणते, जमणार असेल तरी 'बघू ना' म्हणते, आणि नेमकं काय ते त्या 'ना'च्या आधीच्या दोन-तीन शब्दांवरून कळतं. वर्षानुवर्षांची सवय. गेल्या वर्षी एकदा मी तिला भेटायचं विचारलं आणि तिचं उत्तर आलं, "बघू."

मी दोन मिनिटं त्या स्क्रीनकडे बघत राहिले. मग फोन केला. काय झालंय, विचारलं. ती म्हणाली काही नाही, का गं? मी म्हटलं, 'ना' नव्हता. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग बोलायला लागली, अगदी हळू आवाजात, आणि मी ऐकत राहिले, मध्ये एक शब्द न बोलता.